आधी पियानो तपासा, मग निविदा काढा

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोव्यातील शाळा, महाविद्यालये, संगीतसंस्था, क्लब व सभागृहे यांच्या खरेदी समित्या

सन्माननीय सभासदहो,

मी पियानोचं ट्यूनिंग आणि दुरुस्ती करणारा स्वतंत्र कारागीर आहे. माझी शोरूम नाही, मी पियानो विकत नाही, कुठल्या कंपनीचा प्रतिनिधीही नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या निविदा मी भरल्या आहेत. काही मिळाल्या, काही गेल्या, काही वाचून तशाच बाजूला ठेवाव्या लागल्या. या सगळ्या कागदांत मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत आली आहे आणि ती आता मोकळेपणाने सांगतो. पियानो कुठल्या अवस्थेत आहेत हे कुणीही न बघता त्यांच्या देखभालीचा ठेका दिला जातो. त्यात संस्थेचे पैसे जातात, वाद्यं खराब होतात, आणि ज्याने काम नीट केलं असतं तो दाराबाहेरच राहतो.

निविदेत कामाचं वर्णन बहुतेक वेळा एका ओळीचं असतं : ‘पियानो ट्यूनिंग व वार्षिक देखभाल, नग ८, वर्षातून दोनदा, सुट्या भागांसह.’ पुढे अटींची पानंच्या पानं. लिफ्टच्या किंवा एसीच्या वार्षिक कराराचा मसुदा उचलून त्यात पियानो हा शब्द घातला आहे, हे वाचताक्षणी कळतं. चोवीस तासांत तक्रार निवारण, ते न झाल्यास दर दिवशी दंड, कामगारांच्या ईएसआयसी विम्याचा आणि भविष्यनिर्वाह निधीचा तपशील, मागच्या तीन वर्षांची उलाढाल. हे आठ पियानो कुठल्या बनावटीचे, किती जुने, कुठल्या खोल्यांत ठेवलेले, रोज किती तास वाजणारे, याबद्दल मात्र अवाक्षर नसतं. त्या आठांत सभागृहातला ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) असतो, रोज सकाळी प्रार्थनेला वाजणारा अपराइट (उभा पियानो) असतो, आणि जिन्याखाली चादर टाकून ठेवलेला, निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर न येणारा एखादाही असतो. तिघांसाठी दर एकच मागितला जातो.

ज्या सभासदांना पियानोच्या आतली रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण दराचा घोळ इथूनच सुरू होतो. ८८ पट्ट्यांसाठी आत साधारण २२० ते २३० तारा असतात. एकेका तारेवर सत्तर-ऐंशी किलोचा ताण, सगळ्या मिळून अठरा-वीस टन. हा भार ओतीव लोखंडी चौकट पेलते. पण आवाज येतो तो तिच्याखालच्या स्प्रूस लाकडाच्या पातळ फळीतून, म्हणजे साउंडबोर्डमधून, आणि लाकूड हवेतला ओलावा शोषतं. जूनमध्ये पाऊस लागला की ही फळी फुगते, तिचा उठाव वाढतो, तिच्यावरचा ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो लाकडी भाग, तारांना रेटतो आणि सूर चढतो. तोही सगळीकडे सारखा चढत नाही. मधल्या सप्तकांत जास्त, दोन्ही टोकांना कमी, त्यामुळे पियानो स्वतःशीच बेसूर होतो. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी होत गेली की हेच सगळं उलट्या दिशेने घडतं. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत तारा गंजतात आणि पट्ट्यांखालचं फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) फुगून पट्ट्या अडकतात. पुण्यात एप्रिलचा कोरडेपणा आणि जुलैचा ओलावा यांतलं अंतर मोठं असतं. तिथे ट्यूनिंगच्या पिना, ज्यांना तारा गुंडाळून ताणलेल्या असतात त्या, सैल होतात, जुन्या फळ्यांना चिरा जातात. शिवाय कसर, वाळवी आणि उंदीर आहेतच. कित्येक संस्थांत बाहेरून पॉलिश नवंकोरं असतं आणि झाकण उघडावं तर तारांवर आदळणाऱ्या हॅमरचं फेल्ट कसरीने निम्मं खाल्लेलं.

आता तुमचं वेळापत्रक बघा. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे, म्हणून बोलावणं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. कोरड्या हवेने उतरलेला सूर आम्ही ओढून ४४० हर्ट्‌झच्या ‘ए’वर, म्हणजे ठरलेल्या प्रमाण सुरावर, आणायचा आणि तीन महिन्यांनी पावसाने तो त्याच्याही वर न्यायचा. दुसरी फेरी बहुधा स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी. खरं तर ट्यूनिंग हवा स्थिरावल्यावर करावं : पाऊस नीट लागून तीन-चार आठवडे झाल्यावर, म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टात एकदा, आणि डिसेंबरात एकदा. तुमच्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीत परीक्षा होत असतील तर त्यांच्या आधी वेगळी फेरी ठेवावी, कारण अडकणाऱ्या पट्टीचे गुण मुलाच्या खात्यातून कापले जातात. निविदेत ‘वर्षातून दोनदा’ याऐवजी नुसते हे महिने लिहिलेत तरी, एक रुपयाही जास्त न घालता, तुमचे पियानो वर्षातला बराच काळ सुरात राहतील.

‘सुट्या भागांसह’ या दोन शब्दांनी तर फार नुकसान केलं आहे. एसीचे भाग ठरावीक असतात, बाजारात मिळतात, त्यांच्या किमतीचा अंदाज बांधता येतो. पियानोच्या खर्जाच्या तारांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते आणि त्या त्या पियानोच्या मापाने त्या बनवून घ्याव्या लागतात. हॅमरचा संच बाहेरून मागवावा लागतो, वर वाहतूक आणि सीमाशुल्क. एका पियानोचे हॅमर बदलायचा खर्च आठही पियानोंच्या वर्षभराच्या ट्यूनिंगपेक्षा जास्त होऊ शकतो. मग दर भरणाऱ्याने काय करावं? जोखीम धरून दर चढवला तर निविदा हातची जाते. कमी दर भरला तर वर्षभर भाग न बदलण्याची कारणं सांगत बसावं लागतं. माझ्या ओळखीतल्या प्रामाणिक कारागिरांनी अशा निविदा भरणंच सोडून दिलं आहे. ट्यूनिंगचा दर वेगळा मागा. तार तुटणं, पट्टी अडकणं, पेडल कुरकुरणं अशी किरकोळ कामं फेरीतच करायची, असं स्पष्ट लिहा. मोठ्या भागांसाठी मजुरीचा दर आधी ठरवा आणि भागांची किंमत मूळ बिलाप्रमाणे द्या. चोवीस तासांची अटही सरसकट नको. कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचावरचा पियानो बिघडला तर धावून यायलाच हवं, त्या सेवेचा दर वेगळा विचारा. सरावाच्या खोलीतला पियानो आठवडाभर थांबू शकतो.

सर्वांत कमी दराने नेमकं काय विकत घेतलं जातं, याचं एक उदाहरण देतो. एका शाळेतला अपराइट मी पाहिला तेव्हा तो मूळ पिचपेक्षा, म्हणजे त्या प्रमाण सुरापेक्षा, जवळजवळ अर्धा स्वर खाली होता. आधीच्या प्रत्येक फेरीच्या अहवालात ‘ट्यूनिंग पूर्ण’ असं लिहून सही होती, आणि ते खोटंही नव्हतं. पियानो जिथे उतरला होता तिथेच त्याला स्वतःशी जुळवून दिलं जात होतं. एकटा वाजवला तर ठीक वाटायचा. मात्र त्याच शाळेतली बासरी वाजवणारी मुलगी त्याच्यासोबत वाजवूच शकत नव्हती, कारण धातूची पाश्चात्त्य बासरी इतकी खाली उतरत नाही. आणि जी मुलं रोज त्या पियानोवर शिकत होती त्यांच्या कानात चुकीचा सूर बसत होता. असा पियानो वर आणायचा म्हणजे तारांवरचा एकूण ताण दोन टनांच्या आसपास वाढवायचा. जुन्या तारा तुटतात. एकाच बैठकीत दोनदा सगळा पियानो जुळवावा लागतो, काही आठवड्यांनी पुन्हा यावं लागतं. दोन तासांच्या दरात काम घेतलेला माणूस हे करणार नाही आणि मी त्याला दोष देणार नाही. ते काम त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

याहून वाईटही घडतं. अडकलेल्या पट्ट्यांवर गंज सोडवायचं तेल फवारलेलं मी पाहिलं आहे. पट्टी दोन दिवस मोकळी होते, मग फेल्ट तेल पिऊन कायमचं बाद होतं. तेच तेल पिनब्लॉकच्या, म्हणजे पिना ज्यात रुतलेल्या असतात त्या, लाकडात मुरलं तर पिना पकड सोडतात आणि त्यावर स्वस्त इलाज नाही. फेऱ्या मोजून पैसे देणाऱ्या करारात या नुकसानीची नोंद कुठेच होत नाही.

आता पात्रतेच्या अटी. एका निविदेत उत्पादक कंपनीचं अधिकारपत्र मागितलं होतं. यादीतले बहुतेक पियानो जुने इंग्लिश अपराइट होते, ज्यांचे कारखाने बंद होऊन कित्येक दशकं झाली. हे पत्र आणायचं कुणाकडून? पियानोची दुरुस्ती हे हाताचं आणि कानाचं काम आहे. ब्रँड कुठलाही असो, रचनेचं तत्त्व तेच. विक्रेत्यांकडे चांगले तंत्रज्ञ नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. काही उत्तम आहेत आणि माझे मित्रही आहेत. पण पाच कामगारांची आणि काही लाखांच्या उलाढालीची अट घातलीत की तुमच्या शहरातले बहुतेक स्वतंत्र कारागीर एका ओळीत बाद होतात. हे काम मुळातच एकट्या माणसाचं आहे. ज्याच्या नावावर पाच कामगार आहेत त्यांतला कोण तुमच्या पियानोला हात लावणार, हे तुम्हाला माहीत नसतं आणि निविदेत विचारलेलंही नसतं.

‘आम्ही नियमांनी बांधलेले आहोत’ हे उत्तर मला अनेक ठिकाणी मिळालं आहे. त्याचा मी आदर करतो, पण नियम नीट वाचावेत ही विनंती. खासगी विश्वस्त संस्थांवर तर सर्वांत कमी दरच स्वीकारण्याची सरकारी नियमावली लागूच नाही. तिथे निर्णयाची कारणं लेखी नोंदवली की हिशेब तपासनीसाला उत्तर देता येतं. केंद्र सरकारच्या संस्थांना २०१७ चे सामान्य वित्तीय नियम लागू आहेत. त्यांच्याचसाठी अर्थमंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सूचना काढल्या आहेत. सक्षम अधिकाऱ्याने एखादं काम गुणवत्ताप्रधान ठरवलं, तर सल्लासेवा नसलेल्या कामांतही दराखेरीज गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत भार देता येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार अशा उद्योगांना केंद्राच्या विभागांत आणि उपक्रमांत निविदा शुल्क आणि बयाणा रक्कम माफ आहे. माझ्यासारखा एकटा कारागीरही उद्यम नोंदणी करून त्यात बसतो. तरीही ही सवलत छापील अटींमध्ये दिसत नाही आणि विचारल्यावर कार्यालयात कुणालाच सांगता येत नाही.

माझी मुख्य मागणी एकच आहे. निविदा काढण्यापूर्वी सगळ्या पियानोंची पाहणी करून घ्या आणि तिचे पैसे द्या. आठ पियानो एका दिवसात पाहून होतात. प्रत्येकाची बनावट आणि अनुक्रमांक (त्यावरून बहुधा निर्मितीचं वर्ष कळतं), पिच ४४० पासून किती दूर आहे, पिना किती घट्ट आहेत, तारांवर किती गंज आहे, हॅमरवर तारांचे चरे किती खोल गेले आहेत, डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारे भाग) वेळेवर बसतात का, पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते का आणि सगळ्या सारख्या जातात का, हे सगळं लिहून निघतं. त्याच बरोबर खोली बघायची. पियानो एसीच्या झोताखाली आहे का, पश्चिमेच्या खिडकीला लागून आहे का, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकवला आहे का. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत ठेवला तर वर्षभराची गोष्ट कळते. पावसाळ्यात पियानोच्या आत छोटा दिवा लावून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती चालते, पण तो दिवा कधी बंद करायचा आणि कुणी, हे ठरलेलं हवं. कोरड्या महिन्यांतही तो जळत राहिल्याने साउंडबोर्डला चीर गेलेली मी पाहिली आहे.

या पाहणीनंतर तुमचे आठ पियानो एकसारखे राहणार नाहीत. मंचावरचा ग्रँड प्रत्येक महत्त्वाच्या कार्यक्रमाआधी ट्यून व्हावा, वर्षातून एकदा त्याचं रेग्युलेशन (पट्ट्या आणि हॅमर यांच्या यंत्रणेची जुळणी) आणि व्हॉइसिंग (हॅमरच्या फेल्टवर काम करून आवाजाचा पोत सुधारणं) व्हावं. शिक्षकांच्या खोलीतल्याला वर्षातून तीन फेऱ्या द्याव्यात. सरावाच्या खोल्यांतल्यांना दोन पुरतात, पण त्यांचे हॅमर लवकर झिजतात, तेव्हा दरवर्षी एकेक घेऊन दुरुस्त करावा. आणि त्या आठांत एखादा असा निघतो की त्यावर आणखी खर्च करू नये. तो सोडावा आणि त्या पैशातून चांगल्या पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. हे तुम्हाला सांगणारा माणूस हवा. नगावर पैसे मिळणारा ते कशाला सांगेल?

अमेरिकेत पियानो टेक्निशियन्स गिल्ड ही तंत्रज्ञांची संघटना १९५७ पासून आहे. संस्थांमधल्या पियानोंच्या देखभालीसाठी तिने मार्गदर्शिका काढली आहे. एका तंत्रज्ञाने किती पियानो सांभाळावेत हे ठरवण्याचं सूत्र तिथे वापरतात, आणि त्यात पियानोचं वय, अवस्था, दर्जा, वापर, खोलीतली आर्द्रता आणि संस्थेला हवी असलेली पातळी हे सगळं धरलेलं असतं. नुसता नगांचा आकडा पुरत नाही, हे त्यांनी मान्य केलं आहे. आपल्याकडे तर हवा त्यांच्याहून कठीण आहे.

तुमच्याकडे प्रमाणपत्रं मागितली जातात, त्याबद्दलही बोललं पाहिजे. त्या गिल्डची परीक्षा कडक असते. अनुभवी परीक्षक मिळून एक पियानो ट्यून करतात आणि उमेदवाराचं काम त्याच्याशी ताडून बघतात. आपल्याकडे बहुतेकांनी हे काम एखाद्या जुन्या कारागिराच्या हाताखाली उभं राहून शिकलेलं आहे, काहींनी परदेशी कारखान्यांत जाऊन प्रशिक्षण घेतलं आहे. कागदावरून दोघांची तुलना होणार नाही. मग काम बघा. सरावाच्या खोल्यांतला एकेक सारखा पियानो प्रत्येक इच्छुकाला द्या, त्या दिवसाची मजुरी द्या, आणि नंतर तुमच्याच संगीतशिक्षकांना ऐकायला बसवा. मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका स्वराला तीन तारा असतात. एकेक पट्टी दाबून धरायची आणि आवाज स्थिर राहतो की लहरतो ते ऐकायचं. मग जोरात वाजवून पुन्हा ऐकायचं. आणि आठ-दहा दिवसांनी परत. लगेच गोड वाटणारं ट्यूनिंग बरेच जण करतात, पण पिन आणि तार नीट स्थिरावली नसेल तर दहा दिवसांत ते ढासळतं. ही चाचणी कुठल्याही उलाढालीच्या दाखल्यापेक्षा जास्त सांगते, आणि तिचे गुण गुणवत्तेच्या भारात धरता येतात.

काम कुठल्या परिस्थितीत होणार हेही कराराचा भाग असू द्या. ट्यूनिंगला दीड-दोन तासांची शांतता लागते. मंचावर माइक तपासणी, सतरंज्या ओढणं आणि झाडलोट चालू असताना तारेतली लहर ऐकू येत नाही. संध्याकाळी सभागृहात एसी लावणार असाल तर तो ट्यूनिंगच्या आधी काही तास त्याच तापमानावर चालू हवा, नाहीतर दुपारी उकाड्यात जुळवलेला सूर पहिल्या गाण्यापर्यंत सरकलेला असतो. वीज वाचवण्याच्या नावाखाली याला नकार मिळतो, आणि त्याच कार्यक्रमाच्या फुलांवर कितीतरी जास्त खर्च झालेला असतो.

पैशांबद्दल थोडक्यात. सूक्ष्म व लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावं, असं या उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर व्याज लागतं. आम्ही व्याज मागत नाही, कारण पुढच्या वर्षी निविदा पुन्हा तुमच्याच टेबलावर भरायची असते. पण सहा-सहा महिने अडकलेलं बिल आणि करार संपून वर्ष झालं तरी न सुटलेली सुरक्षा ठेव, यांमुळे तरुण मुलं या कामात यायला तयार होत नाहीत. मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून उभा आहे, गोव्यात कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवलं जातं, पियानो शिकणारी मुलं घराघरांत आहेत. त्यांच्या वाद्यांना हात लावणारे कारागीर मात्र अजून बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यांतले बरेच उतारवयाकडे झुकलेले.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी तुमच्याकडे हिवाळ्यात मागण्या गोळा होतात. त्यांच्या आधी पाहणी करून घ्या, तिचा अहवाल निविदेला जोडा म्हणजे प्रत्येक भरणाऱ्याला तीच माहिती मिळेल, आणि निविदापूर्व बैठक पियानो जिथे आहेत तिथेच घ्या. पाहणीचं काम मला दिलंत आणि त्या वर्षीच्या निविदेतून मला वगळलंत तरी माझी हरकत नाही. नोंदींचा नमुना मी तयार केला आहे. मागेल त्या संस्थेला तो विनामूल्य देईन, त्यावर माझं नाव नसेल आणि तो कुणाच्याही निविदेला जोडता येईल.

आपला विश्वासू,
एक स्वतंत्र पियानो तंत्रज्ञ
मुंबई